नाना पाणी दाखवतात

भोकरदनला पाहुणा आला की त्याला काही ना काही दाखवावंच लागतं. कोणी केळनेच्या काठची लेणी दाखवतो. कोणी राजूरच्या गणपतीला नेऊन आणतो. यजमान पिंपळगाव रेणुकाईकडचा असेल तर मिरचीचा बाजार दाखवतो, आणि पाहुणा शिंकायला लागला की पाहुणचार सार्थकी लागला असं त्याला वाटतं. नाना पाणी दाखवतात.

नुसतं पाणी. पाहुण्याला शेततळ्याच्या बांधावर उभं करतात, त्याच्या खांद्यावर हात ठेवतात आणि आवाज उतरवून म्हणतात, "हं. पाहा आता." पाहुणा पाहतो. काळ्या प्लॅस्टिकचा उतार, खाली हिरवट पाणी, कडेला वाऱ्यानं गोळा झालेला पालापाचोळा, वर एखादा चतुर. पाच मिनिटं जातात. पाहुण्याला वाटतं, आपलंच लक्ष कमी पडतंय.

"दिसला?"

"काय, नाना?"

"नाय ना दिसला?" नानांचा चेहरा खुलतो. "खाली हाये. मोठा हाये म्हणून दिसत नाय. बारके दिसतात."

असा एक माणूस तालुक्यागणिक असतो. त्याच्याकडे पाणी असतं आणि त्या पाण्यात, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, काहीतरी भयंकर असतं. त्याचं खरं नाव काहीही असो, आपण नाना म्हणू. अशा माणसाला कोणी ना कोणी नाना म्हणतच असतं.

नाना साठीचे. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, टोपी आणि गळ्यात तुळशीची माळ. माळ आजोबांपासूनची. आषाढीची वारी चुकलेली नाही. घरात मटण, मासळी तर सोडाच, अंड्याचं नाव काढायचं तरी 'पांढरं' म्हणतात. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं या माळेच्या साक्षीनं घडलेलं आहे.

2016 साली सरकारनं 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आणली. नानांनी मागितलं. 30 बाय 30 आणि खोली 3 मीटर अशा तळ्याला 50,000 रुपयांपर्यंत अनुदान होतं; प्लॅस्टिकचा कागद ज्याचा त्यानं पाहायचा. त्याआधी नाना एका शेतकरी सहलीत जालन्याजवळचं कडवंची पाहून आले होते. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीनं तिथं पाणलोटाचं काम झालं, मग शेततळी आली, मग द्राक्षं आली. बाकीचे लोक द्राक्षं पाहून परतले. नाना तळी पाहून परतले. त्यांच्या मोसंबीला पाणी हवं होतं हे खरंच. पण 9 गुंठ्यांत 22 लाख लिटर पाणी एकदा उभं राहिलेलं पाहिल्यावर ते नुसतं मोसंबीला घालायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. एवढ्या पाण्याखाली कोणीतरी असायला पाहिजे.

पहिल्या वर्षी नाना शहाण्यासारखे वागले. कटला, राहू, मृगळ अशी बोटुकली आणून सोडली. कटला वरच्या थरातलं खातो, राहू मधल्या, मृगळ तळाशी. कोणी कोणाच्या वाट्याला जात नाही. कोंडा-पेंड टाकली की तिन्ही जातींचे मासे येत, खात आणि निघून जात. हिशेबाच्या माणसाला याहून सुखाचं दुसरं काही नाही. नाना आठ दिवसांत कंटाळले.

"निस्ते खातात वो. रुबाब नाय."

रुबाब मिळाला तो धरणावर जाळं टाकणाऱ्या एका भोईकाकांच्या पिंपात. पिंपात मरळ होता. सापासारखं डोकं, दंडगोल अंग, अंगावर काळपट पट्टे. नाना वाकून पाहत असताना त्यानं तोंड पाण्याबाहेर काढलं, एक घोट हवा घेतली, नानांकडे क्षणभर पाहिलं आणि तो खाली गेला. मरळाला कल्ल्यांशिवाय डोक्यात हवेची एक वेगळी पोकळीही असते. अधूनमधून वर येऊन हवा घेतल्याशिवाय त्याचं भागत नाही. वर येऊ दिलं नाही तर हा मासा चक्क बुडून मरतो. भोईकाकांनी हे सांगितलं तेव्हा नानांना जे वाटलं, ते त्यांना पहिल्या वारीत पंढरपूरचा कळस पाहूनही वाटलं नसावं. असं नानी म्हणतात, मी नाही.

"नाना," भोईकाका म्हणाले, "याला सोडायचं तर यालाच सोडा. नाय तं बाकीचं सारं सोडून द्या."

नानांनी पहिला अर्धा सल्ला घेतला. शंभर बोटुकली मागवली आणि कटला-राहूंच्या शेजारी सोडली. मरळाची शेती करणारे लोक पिल्लांची ठरावीक दिवसांनी निवड करतात. मोठी एका हौदात, लहान दुसऱ्या हौदात. एकत्र ठेवली तर मोठा भाऊ धाकट्याला गिळतो. नानांना ही निवड म्हणजे दुजाभाव वाटला. "एका घरातली लेकरं. येगळी काहून करायची?" आपल्या घरात दोन भावांच्या वाटण्या कशा झाल्या हे ते त्या वेळी विसरले होते. सहा महिन्यांनी शंभरातली किती उरली हे कोणीच मोजलं नाही. जी उरली, त्यांच्यातच बाकीची होती.

मग राहू गेले. मग मृगळ. मरळ चावून खात नाही, गिळतो. त्यामुळे त्याच्या तोंडात जे मावत नाही तेवढंच तळ्यात टिकतं. टिकला एक म्हातारा कटला. तो आपला वरच्या थरात सकाळ-संध्याकाळ फेऱ्या घालत राहिला, आणि नाना त्याच्याकडे तिरस्कारानं पाहत राहिले.

मरळाला बरं खायला मिळालं तर वर्षाकाठी तो किलोभराच्या आसपास भरतो. हा झाला पाण्यातला दर. बांधावर उभं राहून सांगण्याचा दर निराळा. दिवाळीत नानांचा मासा दोन किलोंचा होता. संक्रांतीला चार झाला. गुढीपाडव्याला सात, पुढं अकरा. शिमग्यात म्हणे त्यानं एक बगळा ओढून नेला. आधी पिल्लू म्हणत होते, नंतर बगळा झाला. कापूस वेचायला आलेल्या बायका तळ्याकाठी हातपाय धुवायच्या बंद झाल्या, आणि हे कळल्यावर नाना दोन दिवस अतिशय खुशीत होते. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांना मासा नकोच होता. माणसं जपून पाय टाकतील अशी एक जागा त्यांना आपल्या सातबाऱ्यावर हवी होती.

अडचण एकच. तळ्यातलं संपल्यावर त्याला खायला काय?

आता आठवड्यातून दोनदा नाना मोटारसायकलवर मागे बादली बांधून भोईकाकांकडे जातात आणि जिवंत चिलापी आणतात. बादलीवर उपरणं झाकलेलं असतं. वाटेत दिंडीतला कोणी सोबती भेटला आणि "नाना, काय नेता?" म्हणाला, तर नाना म्हणतात, "रोपं." एकदा रोप उडी मारून डांबरी रस्त्यावर पडलं. त्या सोबत्यानं ते उचलून परत बादलीत टाकलं, हात पायजम्याला पुसले आणि काही न बोलता "रामकृष्णहरी" म्हणून निघून गेला. वारकरी संप्रदायाची सहनशीलता पुस्तकात वाचलेली होती, त्या दिवशी पाहायला मिळाली.

नानींना सहनशीलतेचं एवढं कौतुक नाही.

"माळ घातल्या माणसानं मासळीचा बाजार करावा?"

"म्या खातो का? तो खातो."

"आन् आणून कोण देतं?"

"आणणारा येगळा, खाणारा येगळा. आन् देवाचा पयला अवतार कोणता हाये? मासाच ना?"

"त्या मासानं वेद वाचवले," नानी म्हणाल्या. "ह्यो तं वेदबी गिळंल."

एकादशीला मात्र बादली येत नाही. "आज आमच्याकडं कोणीच खात नाय," असं नाना भक्तिभावानं सांगतात. त्या दिवशी तळ्यात एखादा बेडूक बेसावध असलाच, तर तो त्या दोघांमधला प्रश्न.

नानांचा पुतण्या बी.एस्सी. ॲग्री झालेला आहे. त्यानं एकदा मोबाइलवर हिशेब करून दाखवला: शिकारी माशाच्या अंगावर एक किलो चढायला पाच-सहा किलो लहान मासे लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे चिलापी विकली असती तर इतके आले असते, ती घालून मासा इतका झाला, तो विकला तर... नानांनी तिथंच थांबवलं. "इकतंय कोण?" या एका प्रश्नापुढे सगळं मत्स्यशास्त्र हात टेकतं. पूर्वी गावातला एखादा तालेवार पाटील पदरी पहिलवान ठेवायचा. त्याला दूध-बदाम चारायचा. पहिलवानानं पाटलाच्या शेतात कधी कुळव धरला नाही, आणि तशी कोणाची अपेक्षाही नव्हती. जत्रेत तो मागून चालला की पाटलाची छाती पुढे यायची, एवढंच त्याचं काम. नानांचा मासा मागून चालत नाही. म्हणून पाहुण्यांना तळ्यावर न्यावं लागतं.

आमच्या एका निवृत्त गुरुजींनी या प्रकरणात तेल ओतलं. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं 1129च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद आहे. माशांच्या जाती, त्यांचं आमिष, गळ-दोरीनं धरायची रीत असं सगळं तपशिलानं दिलंय. गुरुजींनी हे सहज, चहा पिता पिता सांगितलं. तेव्हापासून नाना म्हणतात, "आपली लाइन राजाची हाये." राजा मासे पकडत होता आणि आपण मासा सांभाळतोय, हा फरक त्यांना किरकोळ वाटतो.

खरं म्हणजे नानांची भावकी त्यांना वाटते त्याहून मोठी आहे. पनामातल्या एका नानांनी 1960च्या दशकात कोलंबियाहून पीकॉक बास नावाचा शिकारी मासा हौसेनं आणून तळ्यात ठेवला. पावसात तळं फुटलं, मासा चाग्रेस नदीत गेला आणि तिथून पनामा कालव्याच्या गातून सरोवरात. थोड्याच वर्षांत तिथल्या लहान माशांच्या बहुतेक जाती दिसेनाशा झाल्या. झारेट आणि पेन या दोन शास्त्रज्ञांनी 1973मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यावर निबंध लिहिला, तो आजही शिकवला जातो. नानांच्या जातीतल्या माणसाला मिळालेला हा बहुधा सर्वांत मोठा मान.

अमेरिकेत मेरीलँडमधलं क्रॉफ्टनचं प्रकरण तर आपल्या घरातलंच वाटावं असं आहे. एका भल्या माणसानं आजारी बहिणीला सूप करून द्यावं म्हणून मरळाचे दोन जिवंत चुलतभाऊ विकत आणले. आपल्याकडेही ऑपरेशन झालेल्याला मरळाचा रस्सा देतात, जखम लवकर भरते म्हणतात. मासे येईपर्यंत बहीण बरी झाली. मग मासे काचेच्या टाकीत राहिले, मोठे झाले, चारा परवडेना, तेव्हा त्यानं ते गावातल्या तळ्यात सोडून दिले. 2002 साली तळ्यात पिल्लं सापडली आणि सरकारनं सगळ्या तळ्यात विष टाकलं. वर आलं तेव्हा सहा मोठे मासे आणि हजारावर पिल्लं होती. मी हा किस्सा नानांना सावध करायला सांगितला. नानांनी एवढंच विचारलं, "दोनाचे हजार झाले? आन् मपल्या शंभराचा एक?"

केरळचाही सांगून पाहिला. 2018च्या महापुरानंतर चालकुडी नदीत कोळ्यांच्या जाळ्यात अरापाइमा लागला. ॲमेझॉनमधला मासा, माणसाहून लांब होणारा. कोणाच्या तरी खासगी तळ्यातून पुराबरोबर निघालेला. नानांनी मोबाइलवर त्याचा फोटो बराच वेळ पाहिला. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की आपण भलतंच दुकान दाखवून बसलो.

त्यानंतर फोन करणारे सुरू झाले. मोठ्या माशाची हौस असलेला माणूस एखाद्या तालुक्यात आहे, ही बातमी विकणाऱ्यांपर्यंत कशी जाते देव जाणे. एकानं 'जंबो मरळ' म्हणून जे दाखवलं ते पुतण्यानं मिशांवरून ओळखलं: थाई मांगूर. तो पाळायला देशात 2000पासून बंदी आहे, आणि 2019मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं असलेले साठे नष्ट करायला सांगितलं. सडकं-कुजकं काहीही खातो, ओढ्यात गेला तर तिथलं काही शिल्लक ठेवत नाही. पुतण्यानं समजावलं: आपला ओढा केळनेला मिळतो, केळना पूर्णेला, पुढं खडकपूर्णा धरण, मग येलदरी, मग गोदावरी. नाना ऐकत होते. भोकरदनहून निघालेलं आपलं काही गोदावरीपर्यंत जाऊ शकतं, या कल्पनेनं त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती पाहून पुतण्यानं विषय बदलला आणि दंडाचं सांगितलं. मांगूर राहिला. पण अ‍ॅलिगेटर गारचा फोटो अजून त्यांच्या मोबाइलवर आहे. मगरीसारखं तोंड, दोन्हीकडे दात. 2023मध्ये तो श्रीनगरच्या दल सरोवरात सापडल्याची बातमी आली तेव्हा नाना म्हणाले, "काश्मिरात चालतो. मंग भोकरदनात काहून नाय?"

एका पावसाळ्यात तळं काठोकाठ भरून सांडव्यातून पाणी चाललं. मरळाचा स्वभाव असा की नवं पाणी लागलं, जमीन ओली झाली, की तो अंग वळवत जमिनीवरूनही वाट काढतो. वर जाळी लावा असं भोईकाका दोनदा म्हणाले होते. सकाळी शेजारच्या कपाशीतून हाक आली, "नाना, तुमचा वाघ आमच्या सरीत आलाय!" नाना चिखलातून धावले. मासा सरीत होता आणि शेजारी त्याच्याकडे पाहत होता. नाना मासा उपरण्यात घेईपर्यंत शेजाऱ्यानं त्याला नीट पाहून घेतलं होतं.

"एवढासाच?"

"हा बारका," नाना क्षणाचाही विचार न करता म्हणाले. "पोरगा हाये त्याचा. मोठा आत हाये."

कबूल करतो, या उत्तरानंतर माझ्या मनात नानांविषयीचा आदर वाढला.

गेल्या उन्हाळ्यात मात्र तळ्यानंच नानांना कोंडीत पकडलं. मे महिन्यात आमच्याकडे उघड्या पाण्यावरून दिवसाला सेंटिमीटरभर तरी थर उडून जातो. त्यात मोसंबी वाचवायची म्हणून रात्रंदिवस मोटार. पाणी कमरेला आलं, मग गुडघ्याला. रानातल्या डबक्यात मरळ असता तर चिखलात शिरून पावसाची वाट पाहत पडून राहिला असता. त्याच्या जातीनं हजारो उन्हाळे असेच काढले. पण नानांच्या तळ्याच्या तळाला चिखल कुठला? 500 मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद. बिचारा त्यावर तोंड घासून परत येई.

बातमी पसरली: नानांचा मासा दिसणार. बांधावर माणसं जमली. बायका आल्या, शाळेला सुट्टी म्हणून पोरं आली, कपाशीवाला शेजारी तर सगळ्यांच्या पुढे. भोईकाकांनी ओढजाळं लावलं आणि ते या कडेपासून त्या कडेपर्यंत आलं. आत म्हातारा कटला होता. आणि मरळ होता. एकच.

भोईकाकांनी ताणकाटा लावला. सगळे वाकले.

"दोन किलो आठशे."

कोणी काही बोललं नाही. मग शेजाऱ्यानं घसा साफ केला. "नाना, हा तं तोच. आमच्या सरीतला. मोठा कुठाय?"

नानांनी माशाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, माळेला हात लावला. "मंग मोठ्याला ह्यानंच खाल्लं म्हणायचं."

"अकरा किलोंच्याला?"

"भावकीत होतं असं."

"आन् ते अकरा किलो गेले कुठं?"

"पचले."

हसण्याचा गदारोळ उठला. नाना त्यात सामील झाले नाहीत. त्यांना घाई होती. मासा पिंपात धापा टाकत होता आणि पिंपातलं पाणी कोमट झालं होतं. कोणीतरी म्हणालं, "अप्पाच्या पोटाचं ऑपरेशन झालंय, त्याला द्या, रस्सा होईल." नानांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं अप्पाचा विषय परत काढला नाही. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि टँकर मागवला. गावात पिण्याच्या टँकरला नंबर लागलेले, मोसंबीची पानं सुकून वळलेली, आणि एका माशासाठी टँकर. नानी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त घरातली रिकामी घागर आणून पिंपाशेजारी ठेवली.

तासाभरानं टँकर आला. ड्रायव्हर खाली उतरला, पावतीपुस्तक काढलं. पिण्याच्या आणि बागेच्या पाण्याचा दर वेगळा असतो, पिण्याचं महाग.

"पिण्याचं का बागेचं?"

"पिण्याचंच लिही," नाना म्हणाले. "जीव हाये आत. पिणारच ना?"

पुतण्याला राहवलं नाही. "नाना, गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नसतो. लागेल तेवढं त्याच्या अंगातून आपोआप आत येतं."

नाना ड्रायव्हरकडे वळले.

"मंग बागेचा रेट लाव."